पुढच्या महिन्यात येतोय

माझा स्वभाव संशयी आहे. माझी आई म्हणायची, हिला कुणी दूध दिलं तर ही आधी मांजराला पाजून बघेल. म्हणो बापडी. फोन दुरुस्त करणाऱ्या बाईने संशयी असायलाच हवं. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, "पाण्यात नाही हो पडला, आपोआपच बंद झाला," आणि मी झाकण उघडते तर आत गंज चढलेला. पाण्याबद्दल मी विचारलेलंही नसतं.

आमचं दुकान लांबट आहे. पुढे काचेचं काउंटर, तिथे आमचे हे. मध्ये प्लायवूडची भिंत. मागे माझं टेबल, दिवा, भिंग आणि पोटं उघडून ठेवलेले फोन. बोलायचं काम ह्यांचं, उघडायचं माझं. माझ्या डोक्यावरचा पंखा इतका कुरकुरतो की पुढे काय चाललंय ते मला अर्धंमुर्धंच कळतं. ह्यांना एक खोड आहे. दुकानाचा फोन वाजला की उचलायचा, "एक मिनिट हं" म्हणायचं, तो काचेवर आडवा ठेवायचा आणि समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलत सुटायचं. फोन करणारा बिचारा पलीकडून आमचा सगळा कारभार ऐकत बसतो. लग्न झाल्यापासून मी ही खोड मोडायला बघतेय.

आमच्या समोरच, रस्त्यापलीकडे, एका नेटवर्क कंपनीचं मोठं शोरूम आहे. तिथे माझा धाकटा भाऊ विक्रीला उभा असतो, गळ्यात पट्टा आणि छातीवर बिल्ला. म्हणजे रस्त्याच्या अलीकडे माझं सासर आणि पलीकडे माहेर. मधून दिवसभर गाड्या जातात, हे एका अर्थी बरंच आहे.

त्या वर्षी तो नवा फोन आला. आला म्हणजे समोर आला, आमच्याकडे नाही. फोन बनवणाऱ्यांनी आणि त्या नेटवर्क कंपनीने आपसात करार केला होता की काही काळ हा फोन फक्त त्या कंपनीच्याच शोरूममध्ये मिळेल आणि तिच्याच सिमवर चालेल. दुसऱ्या कुणाचं सिम घातलं की फोन मुका. कुलूप तोडायचा मीही प्रयत्न करून पाहिला, हात टेकले. बरं, हा 'काही काळ' म्हणजे किती, ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तिथेच ग्यानबाची मेख होती. लोक पाहुण्यासारखे लाजत आमच्या दुकानावरून जायचे आणि समोरच्या काचेच्या दारात शिरायचे. आणि फोन काही एकटा जात नाही. त्याच्यामागे कव्हर जातं, काच जाते, चार्जर जातो, दर महिन्याचं रिचार्ज जातं. फोन बिघडला की तोही तिकडेच जातो, म्हणजे माझं टेबलही रिकामं.

ह्यांनी रस्त्यावरचे सगळे दुकानदार गोळा केले. त्या कंपनीच्या पाट्या उतरवल्या, तिचं रिचार्ज बंद केलं. सगळ्यांसमोर छाती पुढे काढून म्हणाले, "त्या कंपनीचं सिम माझ्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही." टाळ्या पडल्या. तेव्हा मीही वाजवल्या, कारण मला वाटलं उंबरठा नुसता बोलण्यापुरता आहे.

पण त्या उंबरठ्याच्या आत माझ्या सासूबाई होत्या.

सासूबाईंना ऐकू कमी येतं. कानात मशीन आहे. शांत खोलीत, समोर बसून, सावकाश बोललं तर त्यांना सगळं कळतं. फोनवर मात्र काही म्हणजे काही कळत नाही. कानाला फोन लावला की मशीन शिट्टी मारतं, मशीन काढलं की फोन गप्प, स्पीकरवर टाकला की नुसती खरखर. व्हिडिओवर तोंड दिसतं म्हणावं, तर त्यांच्या भावाने अशी दाढी वाढवलीय की ओठ शोधायलाच भिंग लागेल. मग त्या काय करायच्या, तर फोन हातात धरून हसऱ्या चेहऱ्याने म्हणायच्या, "हो हो, बरोबर." थोड्या वेळाने पुन्हा, "हो हो, बरोबर." सारखं 'काय? काय?' विचारलं की माणसं वैतागतात, हे त्या शिकल्या होत्या.

भाऊ एकच, त्यांच्याहून मोठा, परदेशात मुलाकडे राहणारा. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. ऑपरेशन केलं तर गाठ जाईल, पण तिच्याबरोबर आवाजही जाईल, कायमचा. नाहीतर किरणांचे उपचार, त्यात आवाज राहील पण गाठीचा भरवसा नाही. मामांचं काही ठरत नव्हतं. ते बहिणीला दर रविवारी फोन करायचे आणि बहीण "हो हो, बरोबर" म्हणायची.

मी मध्ये बसून सांगते म्हटलं तर सासूबाईंनी मला हाकलून दिलं. "आमचं भावाबहिणीचं आम्ही बोलू. तू कशाला मध्ये?" आईच्या मागे दोघांनी एकमेकांना वाढवलेलं. त्यांच्या बोलण्याला तिसरा कान त्यांना नको होता, आणि फोनवर लिहिणं दोघांनाही जमत नव्हतं.

आणि मग कानाच्या मशीनवाल्या बाईंनी सांगितलं, "आजी, तो नवा फोन घ्या. तुमचं मशीन त्याला जोडता येतं. पलीकडचा आवाज थेट कानात उतरेल, मध्ये शिट्टी नाही, काही नाही."

सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांना काय ठाऊक, तो फोन कुठे मिळतो ते.

माझा भाऊ दुसऱ्याच दिवशी घरी आला. कसं कळलं त्याला? तर त्या बाईंनी शोरूममध्येही चौकशी केली होती म्हणे. आला तो हातात माहितीचं पत्रक घेऊन, वर फुकट कव्हर. "आजी, मी स्वतः जोडून देतो. घरात रेंज कमी आहे आमची, पण जिन्याच्या खिडकीत छान येते, मी बघून आलो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकट कव्हर? जिन्याची रेंजसुद्धा आधी तपासून? गिऱ्हाइकासाठी एवढं करतात ते एकतर देवमाणसं असतात, नाहीतर महिन्याचं टार्गेट अपुरं असलेले विक्रेते. माझा भाऊ गोड आहे, पण देवमाणूस नाही.

ह्यांनी तर पत्रक हातातही घेतलं नाही. "आईला दोन वर्षांच्या कराराने त्या कंपनीच्या दावणीला बांधू? नंबर बदलू? अरे, जरा थांबलं की हाच फोन सगळ्यांकडे येणार, आपल्या सिमवर चालणार."

"भाऊजी, कोण म्हणालं थांबलं की येणार?" भाऊ म्हणाला. "आम्हाला तर काहीच सांगत नाहीत. वर्षभर तरी नाही असं वाटतं."

"वाटणारच तुला. तुला पगार मिळतो तसं वाटायचा."

भाऊ लाल झाला. माझ्याकडे बघितलं, मी भांडी आवरायला उठले. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाची बाजू घ्यायची?

त्यानंतर काही दिवसांनी कव्हरवाला आला. हा माणूस पोत्यातून कव्हरं घेऊन दुकानोदुकानी फिरतो आणि कव्हरांबरोबर बातम्या वाटतो. आमच्या धंद्यात कव्हरवाल्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. फोन यायच्या आधी त्याची कव्हरं येतात, म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. त्याने पोतं काउंटरवर टेकलं आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "पक्की खबर आहे. करार संपतोय. पुढच्या महिन्यात तो फोन सगळ्यांकडे."

ह्यांनी काउंटरवर असा हात मारला की काच थरथरली. "बघ! मी म्हणत नव्हतो?" मला मागून मुद्दाम बाहेर बोलावून ऐकवलं. आणि लगेच त्या फोनची कव्हरं खोकं भरून घेतली. फोनचा पत्ता नाही आणि आमच्याकडे त्याचे कपडे तयार. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

घरी जाऊन हे आईंसमोर बसले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आई, पुढच्या महिन्यात येतोय. तुझ्याच नंबरवर. तुला काही बदलावं लागणार नाही." ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे काय घडलं त्यावरून कुणी ह्यांना वाईट मुलगा समजेल. ह्यांचा त्या बातमीवर विश्वास होता.

सासूबाई म्हणाल्या, "एवढे दिवस थांबले, अजून एक महिना."

पुढचा महिना आला. फोन आला नाही. ह्यांनी विचारलं तर कव्हरवाला म्हणाला, "माल बंदरात अडकलाय. पुढच्या महिन्यात नक्की." ह्यांनी मान डोलावली. मी डोलावली नाही. अडकलेल्या मालाची बातमी सांगताना हा गडी माझ्याकडे बघत नव्हता, कव्हरं मोजत होता.

त्याच सुमारास मामांच्या मुलाचा निरोप आला. "बाबांनी ऑपरेशन करायचं ठरवलं आहे. तारीख मिळाली." मी तारीख बघितली. फार लांब नव्हती. मला त्या मुलाचाही संशय आला. इतके दिवस डळमळणारा माणूस एकाएकी कसा ठाम झाला? म्हाताऱ्याचे उपचार लवकर आटोपायची घाई कुणाला झाली असेल? सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्याच्या आधी फोन येईल ना गं? मला एकदाच त्याचा आवाज ऐकायचाय. नुसता आवाज. मग कापू देत."

आता थांबणं माझ्याच्याने होईना. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते कुठे ते शोधणं हाच तर माझा धंदा.

पहिला संशय भावावर. कारण एका दुपारी मी पाहिलं, शोरूमच्या मागच्या गल्लीत तो आणि कव्हरवाला डोक्याला डोकं लावून बोलत होते. मला वाटलं, झालं, सापडलं. ह्या दोघांनीच खोटी बातमी पेरली असणार! दुकानदारांनी कव्हरं भरून ठेवावीत, आशेवर बसावं आणि गप्प राहावं. कव्हरवाल्याची कव्हरं खपली, कंपनीविरुद्धची बोंबाबोंब थंडावली, दोघांचं भलं.

कव्हरवाला निघून गेल्यावर मी गल्लीत शिरले. भाऊ पायरीवर चहा घेत बसला होता.

"काय रे, कसला व्यवहार चाललाय?"

"ताई, तू पण?" त्याने पेला खाली ठेवला. "सकाळपासून साहेबांनी डोकं खाल्लंय. लोक शोरूममध्ये येतात, फोन हातात घेतात, आणि म्हणतात पुढच्या महिन्यात सगळीकडे येतोय ना, मग बघू. विक्री निम्मी झाली. साहेबांना वाटतंय आतली माहिती मीच बाहेर देतो. का, तर माझी बहीण समोर दुकानात बसते."

"आणि देतोस का?"

"मला माहीत असायला तर हवी! मी त्या कव्हरवाल्याला तेच विचारत होतो, की बाबा, तुला ही बातमी दिली कुणी? तर म्हणतो बाजारात सगळ्यांना माहीत आहे." त्याने पेला पुन्हा उचलला. "अगं, करार कधी संपणार हे मुद्दामच कुणाला सांगत नाहीत. सांगितलं तर लोक थांबतील ना. थांबू नयेत म्हणून तर सगळा खटाटोप."

रागावलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा जास्त बोलतो. माझा भाऊ एवढंच बोलला आणि गार झालेला चहा ओतून आत गेला. मी त्याच्यावरचा संशय काढून घेतला, पण पुरता नाही.

मग मी कव्हरवाल्याला गाठलं, दुसऱ्याच्या दुकानात, पोत्यासकट. "ही पक्की खबर तुम्हाला दिली कुणी?"

"वहिनी, धंद्यात असं विचारत नाहीत."

"मग तुमची ती खोकंभर कव्हरं उद्या परत घेऊन जा."

धंद्यात असंही विचारतात हे त्याला लगेच पटलं. चौकातल्या रिचार्जवाल्याने सांगितलं म्हणे. दिवसभर त्याच्या टपरीवर कंपन्यांची माणसं येतात, त्याला आतलं कळतं. मी चौकात गेले. रिचार्जवाला म्हणाला, कंपनीच्या माणसाने कुठे? मला तर चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं. शिकलेल्या बाई आहेत, उगाच कशाला बोलतील?

चष्म्याच्या दुकानातल्या बाई माझ्या ओळखीच्या. कुणाच्या तरी डोळ्यांना फ्रेम लावून बघत होत्या. मी विचारल्यावर हसल्या.

"अहो, मला काय विचारता? तुमच्याच दुकानात ऐकलं की मी."

"आमच्या?"

"मी तो फोन घ्यायला समोर निघाले होते. मुलीला हवा होता. तुमच्या मिस्टरांनी हाक मारून थांबवलं. म्हणाले, बाई, कशाला घाई करता, पुढच्या महिन्यात आपल्याकडेच येतोय, पक्की खबर. फोन नुकताच समोर आला होता ना, तेव्हाची गोष्ट." त्यांनी फ्रेम पुसली. "मी अजून थांबलेय बघा. आला का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी एवढी संशयी बाई, माझ्या नाकावर भिंग, आणि प्लायवूडच्या पलीकडे काय शिजतंय ते मला कळलं नाही! ह्यांनी गिऱ्हाईक अडवायला एक वाक्य बनवलं. ते चष्म्याच्या दुकानात गेलं, तिथून टपरीवर, टपरीवरून पोत्यात, आणि पोत्यातून आमच्याच काउंटरवर परत आलं. तोपर्यंत त्याचा चेहरामोहरा इतका बदलला होता की ह्यांनी स्वतःचं लेकरू ओळखलं नाही. पाहुणा समजून घरात घेतलं.

मी दुकानात येऊन विचारलं, "ही बातमी तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितली?"

"कव्हरवाल्याने. तुझ्यासमोर."

"त्याच्या आधी तुम्ही कुणाला सांगितली होती का?"

"त्याच्या आधी माझा अंदाज होता." हे जरा चाचरले. "गिऱ्हाइकाला सांगायचो मी. ते वेगळं. ते आपलं धंद्याचं बोलणं. असं सगळेच बोलतात."

"तेच बोलणं फिरून आलंय. मी आत्ता चष्मेवाल्या बाईंपर्यंत जाऊन आले."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच समोरच्या शोरूमचा बिल्ला लावलाय. "म्हणजे अख्खा बाजार वेडा आणि तू एकटी शहाणी? भावाने सांगितलं वाटतं. काही नाही, पुढच्या महिन्यात येतोय. बघशील."

मला संताप आला. पलीकडचे तारीख लपवून लोकांना पळवतात, आणि आम्ही तारीख बनवून लोकांना बसवून ठेवतो. दोघांच्या मध्ये रस्ता, आणि रस्त्याच्या मधोमध माझी सासू, कानाला हात लावून उभी. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

मी पर्स घेतली आणि रस्ता ओलांडला. हे काउंटरमागून बघत होते. बघू देत.

भावाने एक शब्द विचारला नाही. सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, सिम घातलं, आणि साहेबांना सांगून माझ्याबरोबर घरी आला. सासूबाईंचं मशीन फोनला जोडायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. जोडल्यावर तो लगेच गेला. "भाऊजी आले तर उगाच वाद."

मी सासूबाईंना जिन्याच्या खिडकीशी नेलं. खुर्ची दिली. तिथे रेंज खरंच छान होती, एवढं मात्र त्याचं खरं निघालं.

"आधी कुणाला लावू?"

"आधी ह्याला लाव," त्या म्हणाल्या. "दुकानात. दादाला लावायच्या आधी बघू तर दे, खरंच ऐकू येतं का. लेकाचा आवाज मी ओळखेन."

मी दुकानाचा नंबर लावला. आवाज थेट त्यांच्या कानात, मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एकदम त्यांचे डोळे मोठे झाले.

"आला! 'एक मिनिट हं' म्हणाला. अगदी तस्साच आवाज गं त्याचा, लहानपणी सर्दी व्हायची तसा." आणि त्या हसल्या. मग ऐकत राहिल्या. मला कळलं, ह्यांनी फोन काचेवर ठेवला. मी हात पुढे केला, पण त्यांनी तो बाजूला सारला. हसू हळूहळू ओसरलं.

"कुणी गिऱ्हाईक आहे," त्या म्हणाल्या. "त्याला सांगतोय, 'कशाला समोर जाताय? पुढच्या महिन्यात आपल्याकडेच येतोय. पक्की खबर.'" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला सांगायचा तेच. शब्दन् शब्द तोच. आवाजही तोच."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"म्हणजे मीसुद्धा गिऱ्हाईकच की," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनीच फोन बंद केला. "आता दादाला लाव."

मामांचा नंबर लागला. मुलाने उचलला असावा, कारण सासूबाई म्हणाल्या, "दे रे त्याला." आणि मग त्यांनी जे म्हटलं ते मी जन्मात विसरणार नाही. "ओरडू नकोस दादा. हळू बोल. ऐकू येतंय मला."

मी जिन्याच्या दोन पायऱ्या खाली जाऊन बसले. तिसरा कान नको म्हणून. पण त्यांचं बोलणं कानावर पडत होतं. पहिल्यांदा त्या भांडल्या. दाढीवरून, मग कुठल्याशा लहानपणच्या विहिरीवरून. इतकी वर्षं "हो हो, बरोबर" म्हणणारी बाई, "छे! मुळीच नाही! तूच ढकललंस!" म्हणत होती. मला हसू आलं आणि रडूही आलं.

मग एकदम त्यांचा आवाज बदलला.

"काय विचारलंस? कधी? मी? मी म्हणाले?"

मी वळून बघितलं. त्यांनी खिडकीचा गज धरला होता.

मग अगदी सरळ, ठाम आवाजात त्या म्हणाल्या, "हो, मीच म्हणाले. विचार करूनच म्हणाले. उद्या जा तू. घाबरू नकोस. आवाजाचं काय एवढं? तू असलास म्हणजे झालं."

फोन संपल्यावर त्या खुर्चीतच बसून राहिल्या. मी वर गेले.

"मागच्या महिन्यात त्याने मला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करू की किरणं घेऊ. म्हणाला, तू सांगशील तसं करतो. दोनदा विचारलं म्हणे. दोन्हीदा मी हो हो, बरोबर म्हणाले. म्हणून त्याने तारीख घेतली." त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. "आता आदल्या दिवशी त्याला काय सांगू, की मला ऐकूच आलं नव्हतं?"

मामांच्या मुलावर घेतलेला संशय मला आठवला आणि लाज वाटली.

संध्याकाळी हे घरी आले. रस्ता ओलांडताना मला पाहिलंच होतं, त्यामुळे तयारीने आले होते. टेबलावरचा फोन बघितला, पण रागावले नाहीत. आईच्या समोर बसले, सवयीने, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले. "आई, घेतलास ते ठीक. पण उगाच घाई झाली गं. बंदरात माल आलाय. पुढच्या महिन्यात आपल्याकडे येणारच होता, तुझ्याच नंबरवर. अजून थोडं थांबली असतीस तर काही बिघडलं नसतं."

सासूबाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. मग हसऱ्या चेहऱ्याने मान हलवली.

"हो हो, बरोबर," त्या म्हणाल्या.

ह्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, की बघ, हिला काही ऐकूच आलं नाही. उठून हात धुवायला गेले.

मशीन सासूबाईंच्या कानातच होतं.